बिनगावाची प्रतिक्रिया

बाबांना पत्ता नसलेली वस्तू चालायची नाही. गोंदिया जंक्शनच्या पार्सल ऑफिसात त्यांनी उभा जन्म काढला, आणि त्यातले निम्मे दिवस तरी पोत्यांवर, पेट्यांवर, टोपल्यांवर काळ्या शाईनं गावांची नावं लिहिण्यात गेले. कोणाकडून, कोणाला, कुठून, कुठे. यातलं एक जरी राहिलं तरी तो नग कोपऱ्यात पडायचा, त्यावर धूळ चढायची आणि शेवटी त्याचा लिलाव व्हायचा. ही सवय त्यांनी घरीही आणली. दारात आलेल्या माणसाला ते आधी गाव विचारायचे, मग पाणी. आई म्हणायची, माझ्याही कपाळावर यांनी शिक्का मारला असता, लग्नात मामाजी, म्हणजे माझे सासरे, शेजारी उभे होते म्हणून वाचले.

आम्ही फुलचूरला राहायचो. वस्तीतल्या विहारात रविवारी वंदना झाली की पेपर वाचला जायचा. वाचायचे बहुतेक वेळा बाबाच, कारण त्यांचा आवाज प्लॅटफॉर्मवर तयार झालेला होता. लेख वाचून झाला की ज्याला बोलायचं असेल त्यानं उभं राहायचं, आपलं नाव आणि मूळ गाव सांगायचं आणि मग बोलायचं. सगळे एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखत होते, तरी नाव आणि गाव सांगितल्याशिवाय कोणी तोंड उघडत नसे. आणि तोंड उघडलं की मग भीड नव्हती. राईस मिलमधून रिटायर झालेले एक आजोबा बाबांना दर रविवारी सांगायचे की तुमच्या बोलण्यात तांदूळ कमी अन् कोंडा जास्त आहे. बाबाही त्यांना सोडायचे नाहीत. त्या दिवशी घरी आले की बाबा एक वाढ भात जास्त जेवायचे, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नव्हता.

पुढे एकेक करून म्हातारे गेले. कोंड्यावाले आजोबाही गेले, माझी आईही गेली. तरण्या पोरांच्या हातात मोबाईल आले आणि विहारातलं वाचन आपोआप थांबलं. त्याच सुमाराला बाबांच्या डोळ्यांनी दगा दिला. समोर माणूस उभा आहे एवढं कळायचं, रस्ता कळायचा, पण अक्षर दिसेना. ज्या माणसानं अख्ख्या जिल्ह्यातली गावं स्वतःच्या अक्षरात लिहिली, तो पेपर हातात धरून नुसता वास घेत बसायचा. मला ते बघवत नसे.

मी तेव्हा एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क होते. दोन हजार नऊ-दहाचा काळ असेल. कॉलेजमधून काढून टाकलेला एक जुना कॉम्प्युटर मी घरी आणला आणि त्याला नेटचं ते काडीसारखं यंत्र लावलं. वीज असली तर नेट नसायचं आणि नेट आलं की वीज जायची, पण आठवड्यातून तीनचार संध्याकाळी दोन्ही जमून यायचं. एका पेपरच्या वेबसाईटवर मी त्यांना लेख वाचून दाखवू लागले. एकदा लेख संपला तरी मी पडद्याकडे बघत राहिले, तेव्हा बाबांनी विचारलं, आता काय वाचून राहिली? मी म्हटलं, खाली लोकांनी लिहिलंय, लेखाबद्दल काय वाटलं ते.

बाबा सरसावून बसले. त्यांना ते फार आवडलं. हे तर आपलं विहारच झालं, असं म्हणाले, आणि लगेच आपलंही म्हणणं लिहायला सांगितलं. मग तोच नेम पडला. मी कामावरून आले, चहा झाला की लेख वाचायचा, बाबा सांगतील ते टाइप करायचं. सुरुवात 'माननीय लेखक महोदय' अशी व्हायची. शेवटी पूर्ण नाव, सेवानिवृत्त पार्सल लिपिक, मुक्काम फुलचूर, तालुका जिल्हा गोंदिया. मी म्हटलं, बाबा, इथे पत्ता लिहीत नाहीत. ते म्हणाले, त्याशिवाय उत्तर कुठं येईन?

आणि इतरांच्या प्रतिक्रिया वाचायला लागले की त्यांचा पहिला प्रश्न तोच. कोणत्या गावचा? गाव नाही म्हटलं की ते हात हलवायचे. सोड, पुढचा वाच. नेटवर गाव लिहितो कोण? लोक स्वतःचं नाव लिहीत नाहीत. कोणी 'सत्यवचनी', कोणी 'एक भारतीय', कोणी नुसते तीन टिंब. त्यामुळे बाबांच्या चाळणीतून जवळजवळ सगळेच खाली पडायचे आणि दोन मिनिटांत वाचन संपायचं. मग ते विचारायचे, आपल्याले कोणी काही बोललं काय?

बोललेलं असायचं. 'काका, पोस्टकार्ड संपलं का?' 'आजोबा, तुमचं गाव कोणी विचारलं?' 'अंकल, टाइमपास मत करो.' कांद्याच्या भज्यांवर लेख असला तरी तिसऱ्या प्रतिक्रियेपर्यंत लोक एकमेकांच्या जातीवर यायचे, आणि बाबांनी तर आपलं आडनाव नीट ठळक लिहिलेलं असायचं. ते वाचून कोणी कोणी जे लिहायचे ते मी इथे लिहीत नाही. मी ते डोळ्यांनी वाचायची आणि तोंडानं सांगायची की नाही बाबा, अजून कोणी काही बोललं नाही. तसा माझा स्वभाव फटकळ. ऑफिसात कोणाचं ऐकून घेत नाही. पण माझ्या बापाला कोणीतरी तोंड लपवून हिणवतं याचा मला इतका राग यायचा, आणि रागाहून जास्त लाज वाटायची, की माझी जीभच उचलत नसे.

असे दोनतीन महिने गेले. बाबा रोज विचारायचे आणि मी रोज नाही म्हणायची. हळूहळू त्यांचं सांगणं आखूड होत गेलं. एके दिवशी ते म्हणाले, आज नाही लिहीत, कायले लिहायचं. त्याच वेळी खिडकीबाहेरून शिकाऊ वैमानिकांचं एक छोटं विमान घरघरत जवळच्या बिरसी गावातल्या धावपट्टीवर उतरायला चाललं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, अहो बाबा, एकानं लिहिलंय की. बाबांनी मान वर केली. कोणत्या गावचा? मी म्हटलं, बिरसीचा.

नावही दिलं मी त्याला. चांगलं भरघोस नाव दिलं. ते इथे सांगत नाही, त्याचं कारण पुढे येईलच. 'आपले विचार अगदी योग्य आहेत, आपल्यासारख्या अनुभवी माणसांनी लिहीत राहावे,' असं मी पडद्याकडे बघत वाचून दाखवलं. पडद्यावर त्या वेळी केशतेलाची जाहिरात होती. बाबा त्या संध्याकाळी खूश झाले. जेवताना दोनदा म्हणाले, बिरसीत वाचणारा माणूस हाये म्हणजे.

खोट्याला पाय नसतात म्हणतात, पण माझं खोटं वर्षभर चाललं. बिरसीचा वाचक दर आठवड्याला यायचा आणि दर वेळी सहमत असायचा. मी त्याला चार एकर धान दिलं, एक मुलगी शाळेत घातली. बाबा त्याच्यासाठी प्रश्न सांगायचे, मी टाइप करायची, आणि दोन दिवसांनी उत्तर मीच वाचून दाखवायची. मला त्यात मजाही वाटू लागली होती, हे कबूल करते. ऑफिसातून येताना ऑटोत बसल्या बसल्या मी आज तो काय म्हणेल याचा विचार करायची. कधीकधी मात्र बाबा उत्तर ऐकून नुसते 'हं' म्हणायचे, आणि भात नेहमीइतकाच जेवायचे. ते मला दिसलं नाही असं नाही. मी त्याकडे पाहिलं नाही.

त्या वर्षीच छोट्या गाडीवर एक लेख आला. बालाघाटकडे जाणारी ती अरुंद रुळांची गाडी तोवर इतिहासजमा झाली होती, आणि कोणा शहरातल्या लेखकानं तिच्या खिडकीतून दिसणाऱ्या जंगलावर सुंदर लिहिलं होतं. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, जंगल पाहिलं यानं, गाडी नाही पाहिली. मग त्यांनी आजवरची सर्वांत लांब प्रतिक्रिया सांगितली. त्या गाडीतून काय काय जायचं, तेंदूपत्त्याचे गठ्ठे, मोहफुलांची पोती, ओल्या फडक्याखालच्या मासळीच्या टोपल्या, आणि हे सगळं इंजिनामागच्या पहिल्या डब्यात कसं लावायचे. माझी बोटं दुखली, पण लिहिलं चांगलं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यावर उत्तर आलेलं दिसलं. 'सत्यवचनी' नावानं, गाव अर्थातच नाही. 'काका, फेकू नका. पार्सलचा डबा मागे असायचा, पुढे नाही.' एवढ्या दोन ओळी दिसत होत्या आणि त्याखाली 'पुढे वाचा' असं निळ्या अक्षरात होतं. मी पुढे वाचलं नाही. माझं डोकं फिरलं, आणि मी बिरसीच्या वाचकाकडून बाबांच्या स्मरणशक्तीची भरपूर तारीफ करवली. पंधरवड्यानं त्याच नावानं आणखी एक ओळ आली. 'काका, आहात का?' मी ती टिंगल समजले.

धानकापणी संपली होती, दिवाळी होऊन गेली होती. एके दिवशी मी ऑफिसातून आले तर घराला कुलूप. शेजारच्या काकूंनी किल्ली दिली आणि सांगितलं की बाबा सकाळीच चौकातल्या ऑटोवाल्याला घेऊन बिरसीला गेले, कोणा वाचकाला भेटायला. धुतलेला सदरा घातला होता म्हणे, आणि पिशवीत पेढे होते. मी दाराजवळच बसून राहिले.

बाबा दिवेलागणीच्या आधी आले. ऑटोवाल्यानं हात धरून पायरीपर्यंत आणलं. त्यांनी चपला काढल्या, पाणी मागितलं, प्यायले आणि खाटेवर बसले. पिशवी रिकामी होती.

"त्या नावाचा एकच माणूस हाये बिरसीत," ते म्हणाले. "त्याले वाचता येत नाही."

बाबा पुढे सांगत राहिले, अगदी शांतपणे, जणू कोणा दुसऱ्याचीच गोष्ट आहे. त्या माणसानं त्यांना बसवून घेतलं, जेवू घातलं, आपलं खळं दाखवलं. दुपारभर दोघे बोलत बसले. गावावरून दिवसभर विमानं घिरट्या घालतात, त्या पोरांना शिकवतो कोण, यावरही बोलणं झालं. मग बाबा म्हणाले,

"अन् माह्या एकाही गोष्टीले त्यानं हो म्हटलं नाही."

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. तेव्हा मला कळलं की त्यांना समजलंय, आणि कदाचित पुष्कळ आधीच समजलं असावं. खात्री करायला ते बिरसीपर्यंत गेले. पेढे मात्र खरे घेऊन गेले.

"काऊन केलं असं, पोरी?"

मी रडत रडत सगळं सांगितलं. लोक कसं बोलतात, आडनावावरून काय लिहितात, मला कसं ऐकवत नाही. बाबांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "विहारात काय लोकं माले हार घालून राहिले होते? ज्यानं नावं ठेवली त्यानं वाचलं तरी. वाच आता सारं. पहिल्यापासून."

मी वर्षभराचं काढलं आणि एकेक वाचत गेले. गाव आहे की नाही हे त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. पोस्टकार्डवाला त्यांना आवडला, दोनदा वाचायला लावला. आडनावावरून लिहिलेलं वाचताना मी थांबले तेव्हा त्यांनी हातानं 'चालू दे' अशी खूण केली. वाचून झाल्यावर म्हणाले की यात नवीन काही नाही, पहिले लोक हे तोंडावर बोलत होते, आता तोंड लपवतात एवढंच. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि स्वतःची चीड आली. मी ज्याला जपत होते तो माणूस माझ्यापेक्षा कितीतरी घट्ट होता.

मग छोट्या गाडीचा लेख आला. 'काका, फेकू नका. पार्सलचा डबा मागे असायचा, पुढे नाही.' बाबा विचारात पडले आणि म्हणाले, बरोबर म्हणून राहिला तो, डबा मागंच होता, मी चुकलो. पुढे काय लिहिलं ते विचारलं. मी 'पुढे वाचा'वर पहिल्यांदा बोट दाबलं.

'माझा बाप त्या डब्यात हमाल होता म्हणून मला माहीत आहे. त्याच्या डाव्या हाताला चारच बोटं होती. मी सहा वर्षांचा असताना तो वारला. आमच्याकडे त्याचा फोटोसुद्धा नाही. तुम्ही खरंच पार्सलात असाल तर तुम्हाला तो आठवत असेल. काहीही आठवत असेल ते लिहा. मी रोज बघतो.'

त्याखाली होतं, 'काका, आहात का?'

आपला डावा हात मांडीवर ठेवून बाबा अंगठ्याजवळच्या बोटाची जागा चाचपत होते. मग म्हणाले, हेच बोट नव्हतं त्याला. लिही लवकर. मी लिहायला गेले तर चौकटच नव्हती. तिथे लिहिलं होतं की या लेखावरील प्रतिक्रिया स्वीकारणे बंद झाले आहे.

मी किती वेळा ते पान पुन्हा उघडलं ते आठवत नाही. दर वेळी तेच. मी बाबांसमोर हात जोडले. त्यांनी माझा हात खाली केला आणि म्हणाले, "तू वाचलं असतं तरी मी सोडच म्हटलं असतं. गाव नव्हतं ना त्यानं लिवलं." ते वाक्य त्यांनी माझी समजूत काढायला म्हटलं नव्हतं. ते खरंच होतं, आणि ते त्यांना किती लागलं होतं हे त्यांच्या आवाजात मला ऐकू येत होतं.

तरी त्यांनी सांगितलं आणि मी कागदावर लिहून घेतलं. तो हमाल चार बोटांनी सुतळीची अशी गाठ मारायचा की पाच बोटांच्या माणसांची सुटायची, पण त्याची सुटत नसे. त्याच्या सदऱ्याच्या खिशात नेहमी सुतळीचा एक तुकडा असायचा, पोराच्या पावलाचं माप. गोंदियात आला की स्टेशनासमोरच्या दुकानात तो तुकडा चपलांवर ठेवून बघायचा. एकदा त्यानं पार्सलच्या टेबलावर दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवले, जुना आणि नवा, आणि बाबांना म्हणाला, बाबूजी, पाहा पोरगा किती वाढला. दोन्हींत बोटाच्या एका पेराचा फरक होता. बाबांनी ते पेर मला आपल्या करंगळीवर दाखवला.

मी पेपरच्या ऑफिसला लिहिलं. वाचकांचे पत्ते देता येत नाहीत असं सभ्य उत्तर आलं, आणि ते बरोबरच होतं. मग बाबांनीच तोड काढली. कुठेही रेल्वेवर लेख आला की त्याखाली आपलं टाकायचं, तो रोज बघतो म्हणाला होता ना. त्यानंतर बाबा होते तोवर, आणि ते गेल्यावर आजवर, मी ते करत आले आहे. नवीन गाडी सुरू झाली, जुनं स्टेशन पाडलं, डब्यातल्या जेवणात झुरळ निघालं, कशावरही लेख असो, खाली मी तीच सुतळीची गोष्ट लिहिते. 'चार बोटांच्या हमालाच्या मुलास,' अशी सुरुवात करते. डबा मागेच होता, माझी चूक झाली, हेही लिहिते, तसं बाबांनी सांगून ठेवलं होतं.

लोक वैतागतात. 'विषयाला धरून बोला.' 'काका, हे तुम्ही मागच्या महिन्यातही टाकलं होतं.' एकीनं लिहिलं की वाचून तिला तिच्या वडिलांची आठवण आली, आणि त्याखाली लगेच कोणीतरी तिचीही टिंगल केली. मी सगळं वाचते, 'पुढे वाचा' असेल तिथे दाबून शेवटपर्यंत वाचते. आणि स्वतःचं लिहून झालं की खाली बाबांचं नाव, सेवानिवृत्त पार्सल लिपिक, मुक्काम फुलचूर, तालुका जिल्हा गोंदिया असं पूर्ण लिहिते. त्यानं बाबांनाच विचारलं होतं, म्हणून उत्तर बाबांच्याच नावानं जातं.